शिपाई नावाचा क्लास

"ए शिपाई, कॉम्प्युटरला हात लावायचा नाही! क्लास फोरने क्लास फोरसारखं राहावं," हेडक्लार्क आप्पासाहेब खेकसले.

काशीरामने फडकं मागे घेतलं. बावीस वर्षं तो हेच ऐकत होता. रोज मस्टरवर सही करायचा, पण आप्पासाहेब सह्या मोजायचे, वाचायचे नाहीत. त्यांच्या तोंडून त्याचं नाव म्हणून कधी निघालं नव्हतं. महिनाअखेरीस त्याची निवृत्ती. त्याआधी चारचौघांत या माणसाकडून एकदा नाव वदवून घ्यायचंच, एवढाच सूड त्याला हवा होता.

साल एकोणनव्वद. रत्नागिरीच्या त्या कचेरीत कॉम्प्युटर आला आणि तो शिकवायला मुंबईहून श्याम आला, मूळचा देवरूखचा. धूळ नको म्हणून चपला बाहेर काढून सगळे कारकून आत बसले. चपला राखायला दारात काशीराम.

"प्रोग्राम लिहायची ही नवी रीत," श्याम म्हणाला. "क्लास म्हणजे कोरा फॉर्म. त्यात नाव, गाव, वय भरलं की झालं ऑब्जेक्ट. एका क्लासची हवी तितकी ऑब्जेक्ट्स, पण प्रत्येकाची माहिती वेगळी. काम सांगायचं ते ऑब्जेक्टला. आप्पासाहेब, कचेरीतलं एखादं उदाहरण द्या बघू."

आप्पासाहेब चष्मा पुसायला लागले. टायपिस्ट पद्मजा खिडकीबाहेर बघायला लागली.

"सायेब, मी सांगू?" दारातून काशीराम म्हणाला. "शिपाई ह्यो क्लास. मी ऑब्जेक्ट. माज्या फॉर्मात माजा नाव हाय, माजा गाव हाय. पानी क्लास आनत नाय, मी आनतो."

"शाब्बास! अगदी बरोबर," श्याम म्हणाला. आप्पासाहेबांकडे बघत कारकून खो खो हसले.

आप्पासाहेबांना रागाने ठसकाच लागला. "ए शिपाई, पाणी!"

काशीराम जागचा हलला नाही. काय गोड वाटलं त्याला!

"क्लासला हाक ऐकाया येत नाय, आप्पासायेब. नावानं बोलवा."

सगळे त्यांच्याकडे बघत होते. आप्पासाहेब खोकत राहिले, आठवत राहिले. शेवटी पडेल आवाजात म्हणाले, "शिवा... पाणी आण रे."

शिवा म्हणजे आधीचा शिपाई. तो वारला, म्हणून तर त्याच्या जागेवर काशीराम लागला होता.

काशीरामच्या तोंडाला कोरड पडली. तो उठला, माठातलं पाणी पेल्यात घेतलं. आप्पासाहेबांनी हात पुढे केला. काशीरामने उभ्या उभ्या सगळा पेला स्वतःच संपवला, माठावर पालथा घातला आणि पुन्हा चपलांपाशी जाऊन बसला.