फाउस्तोला कुठे सोडलं

आमच्या बाकावान गावात कुणी मेलं की निरोप आधी चर्चमध्ये जायचा आणि तिथून थेट माझ्याकडे. मी मोठं पातेलं चढवायचे, तांदूळ घालायचे, आल्याचे तुकडे ठेचून घालायचे आणि पेज रटरटायला लागली की नवऱ्याला, फाउस्तोला म्हणायचे, बाकं बाहेर काढ, माणसं येतील. शवपेटी मयताच्या दारात पोचायच्या आधी माझी पेज तयार असायची.

मयताच्या घरून उठलं की सरळ आपल्या घरी जायचं नाही. गेलं तर मेलेला मागोमाग येतो आणि घरात शिरतो. तो काही वाईट नसतो, पण लहान मुलांना, आजाऱ्यांना त्याचं येणं सोसत नाही. म्हणून मध्येच कुठेतरी टेकायचं, पोटात काहीतरी घालायचं, चार माणसांत बसायचं. त्या गर्दीत मेलेल्याची वाट चुकते आणि तो तिथेच राहतो. याला आम्ही झटकणं म्हणतो. आणि बाकावानात झटकायची जागा एकच होती, धक्क्यावरचं माझं पेजेचं दुकान.

पुढे गल्लीच्या बाजूला आमचं घर, मागे पाण्याच्या बाजूला दुकान, मध्ये बांबूचा तट्टा. बायका मला मावशी म्हणावं तसं आलिंग म्हणायच्या. विचारायच्या, "आलिंग सालूद, गावभरचे मेलेले तुमच्याकडे. भीती नाही वाटत?"

"कसली भीती? सगळे ओळखीचे. आणि जिवंतपणी जेवढं डोकं खाल्लं तेवढं आता खात नाहीत," मी म्हणायचे.

खरं सांगते, मला ते आवडायचं. दुकान बंद करून फळ्या लावताना मी त्या मेलेल्यांना नावाने हाका मारायचे. "इस्को, बाकावरचे पाय खाली घे. पुरा, तोंड मिट आता." त्या काळात बाकावान म्हणजे जत्रा होती. पेटी घरात असेपर्यंत पत्ते चालायचे, पोरं टेबलाखाली झोपून जायची, हरलेला माणूस मेलेल्याच्या नावाने बोटं मोडायचा. पहाटे होड्या यायच्या तेव्हा खेकड्यांनी टोपल्या नुसत्या चालत असायच्या. माझा फाउस्तो त्या होड्यांमध्ये सगळ्यात पुढे असायचा. बुटका, छातीने रुंद आणि गाणं भसाडं. आधी गाणं ऐकू यायचं आणि मग होडी दिसायची.

मग पाणी चढायला लागलं. कुणी म्हणे जमीन खचतेय, कुणी म्हणे समुद्र वर येतोय. आम्हाला काय फरक पडणार होता, घोटे दोन्हीकडून भिजतच होते. लोकांनी राडारोडा आणून घरातल्या जमिनी उंच केल्या. छप्पर होतं तिथेच राहिलं, जमीन वर आली, आणि आपल्याच घरात आम्ही वाकून चालायला लागलो. चर्चमध्ये गमबूट घालून प्रार्थना व्हायला लागली. दफनभूमी आधी भरतीला बुडायची, मग कायमची बुडाली. तेवढ्यात पलीकडे मोठ्या बोटी आल्या आणि समुद्रात वाळूचा भराव टाकायला लागल्या. कशासाठी, ते नुसतं पाटीवर लिहिलं होतं, आम्हाला कुणी सांगितलं नाही. तिवरांची झाडं कापली, त्यांच्याबरोबर खेकडे गेले आणि खेकड्यांमागून माणसं. सरकारने सगळ्यांना दूर टेकडीवरच्या वसाहतीत घरं दिली. एका साच्यातली घरं, एकाला लागून एक. तिथून समुद्र दिसत नाही, वाससुद्धा येत नाही.

आमची एकुलती एक पोर जोव्हेलिनही नवऱ्याबरोबर तिकडेच गेली. तिचा पहिला मुलगा हुलियान तिथे जन्मला आणि दात यायच्या आतच गेला. छातीत कफ झाला म्हणाले डॉक्टर. जोव्हेलिन म्हणते, शेजारीण मयतावरून सरळ तिच्या घरात आली होती आणि तिने पोराला उचलून घेतलं होतं. मी तिच्याशी वाद घातला नाही. मी तरी कुठल्या तोंडाने घालणार, सगळा जन्म मी त्याच समजुतीवर पेज विकली होती.

शेवटी बाकावानात दिवा लागायचा तो आमच्याच घरात. जोव्हेलिन येऊन भांडून जायची. तिला आता मुलगी झाली होती, तालिया. फाउस्तो टेकडीवर जाऊन नातीला मांडीवर घेऊन तासन् तास बसायचा, पण मुक्कामाचं नाव काढलं की उठायचा. म्हणायचा, तिथे झोपलो की कानात काहीच वाजत नाही, मेल्यासारखं वाटतं.

आणि एका सकाळी जाळं वाळत घालताना तो खाली बसला. मला वाटलं गाठ सोडवतोय.

मी हट्टाने पेटी घरातच ठेवली. जोव्हेलिन म्हणाली वसाहतीत ठेवू, माणसं येतील. मी म्हटलं, येणारे इथेही येतील. आणि आले! पोन्सो, म्हणजे फाउस्तोचा जन्माचा भागीदार, दोन होड्या भरून जुनी माणसं घेऊन आला. भर दुपार होती. वाकून वाकून सगळे आत आले, पेटीपाशी उभे राहिले, रडले, थोडे खोटेही रडले. जुन्या गोष्टी निघाल्या. गाव परत आल्यासारखं वाटलं मला. मी पेटीजवळ बसून होते आणि लाज सोडून सांगते, मला आनंद झाला होता.

मग एकेक उठायला लागले. मयताच्या घरच्यांनी पाहुण्यांना पोचवायला उठायचं नसतं, म्हणून मी जागची हलले नाही. गल्लीत पावलं वाजली, पाण्यातून छपछप करत घराला वळसा घालून गेली. आणि तट्ट्यापलीकडे माझ्या दुकानात बाकं सरकली. सगळे जाऊन बसले होते. पोन्सोने नेहमीसारखी हाळी दिली, "आलिंग सालूद, एक पेज, वर अंडं घाला!"

एकदम सगळं शांत झालं.

मेलेल्याच्या घरातून उठून, त्याला झटकायला म्हणून, सगळे त्याच्याच घरात येऊन बसले होते. आधी कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले, आणि तट्ट्याच्या अलीकडे पेटीवर हात ठेवून मीही हसले, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पण हसणं ओसरलं तशी बाकं परत सरकली. माणसं भराभर उठली आणि होड्यांकडे निघाली.

पोन्सो तेवढा टोपी हातात घेऊन माझ्याकडे आला.

"रागावू नका, आलिंग सालूद. सवय हो, दुसरं काय."

"ते जाऊ दे. आता कुठे झटकणार?"

तो खाली बघायला लागला. "पलीकडे हमरस्त्यावर पेट्रोलपंप आहे ना, तिथे एक कॉफीचं दुकान आहे. वसाहतीतले सगळे हल्ली तिथेच थांबतात."

डोक्यात तिडीकच गेली माझ्या. "पेट्रोलपंपावर? ज्याच्याबरोबर जन्म काढलास त्याला पेट्रोलपंपावर सोडणार तू?"

"मग कुठे सोडू?"

"पाण्यात सोड. तिथलाच होता तो."

"पाण्यात थांबता येत नाही हो," पोन्सो म्हणाला. त्याचं बरोबर होतं, म्हणून मला त्याचा जास्तच राग आला.

त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं. बाकीच्यांनी कुठेही झटकावं. फाउस्तो काही त्यांच्या मागे जाणार नाही, जाईल तो माझ्याच मागे. आणि मी थांबणार नव्हते कुठेच. टेकडीवरच्या त्या मुक्या घरात मला राहायचंच असेल तर मी त्याला बरोबर घेऊन राहीन.

दफनाच्या दिवशी पेटी दारातून निघेना. दार उरलंच होतं कमरेएवढं. पेटीचा चौकटीला धक्का लागता कामा नये अशी रीत, म्हणून पोन्सोने तट्टा फाडला आणि पेटी दुकानातून बाहेर काढली. होडीतून ती पलीकडे नेली. तिथल्या दफनभूमीत मेलेल्यांना भिंतीत खणाखणांत ठेवतात, तसाच एक खण आम्हाला मिळाला. गवंड्याने सिमेंट लिंपलं आणि लोक पांगले. मी माझं गाठोडं घेऊन जावयाच्या गाडीत बसले.

हमरस्त्याला लागल्यावर थोड्याच वेळात गाडी वळली आणि थांबली. पेट्रोलपंप. काचेचं दुकान, आत पांढरेफक्क दिवे.

"नानाय, उतर," जोव्हेलिन म्हणाली.

"मला कॉफी नको."

"कॉफीचं नाही म्हणत मी."

"कळतंय मला कशाचं म्हणतेस. ही रीत परक्यांसाठी असते. घरच्यांना कसलं आलंय झटकणं? बाप आहे तो तुझा."

जावई गुपचूप खाली उतरून टायर बघायला गेला. जोव्हेलिन पुढच्या सीटवरून मागे वळली. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता.

"मला हवा नाहीये का ताताय? तो उद्या दारात उभा राहिला तर मी काय करीन माहितीय तुला? पण तालिया आहे घरात."

"तो काय नातीचं वाईट करणार आहे?"

"नाही करणार. लाडच करेल. येऊन तिच्यापाशी बसेल, टक लावून बघत राहील. तेवढंही सोसत नाही गं तान्ह्या पोराला. हुलियानला तरी कुणी मारलं होतं का? त्या बाईने लाडानेच उचललं होतं ना त्याला?"

मी मांडीवरच्या गाठोड्याची गाठ घट्ट केली.

"आणखी एक पोर नाही मी पुरणार," ती म्हणाली. "तुला थांबायचंच नसेल तर सांग. गाडी परत फिरवू, तुला बाकावानात सोडू. पण अशी माझ्या घरी येऊ नकोस."

बाकावानात घराला एका बाजूने भिंत उरली नव्हती. तरीही, उगाच कशाला खोटं बोलू, क्षणभर माझ्या मनात आलंच. तिथे पाण्यात पाय सोडून, त्याला घेऊन बसून राहावं. पण मग ही पोर एकटी टेकडीवर, तान्ही मुलगी पदरात, आणि दारात कुणी आलं की दचकणार. मी दरवाजा उघडला आणि उतरले.

आत थंडगार हवा होती. कागदी टोपी घातलेली मुलगी तोंडपाठ केलेलं स्वागत म्हणाली. कॉफी गोडमिट्ट होती आणि आल्याचा वास कुठेच नव्हता. काचेबाहेर ट्रक लागले होते. माझ्या दुकानात मी सगळ्यांना नावानिशी ओळखत होते. इथे फाउस्तोला कोण हाक मारणार होतं? मी त्याला बसायला बरी जागा शोधली. एक कोपरा सापडला, पण वर पंख्याचा मोठा आवाज होता. म्हटलं, असू दे, निदान कानात काहीतरी वाजत राहील त्याच्या.

मी खुर्चीला हात लावला आणि हळूच म्हटलं, "इथेच बस. माझ्या मागे येऊ नकोस. ऐकतोयस ना?" मग कप तिथेच टाकून, मागे न बघता गाडीत येऊन बसले. जोव्हेलिनने माझा हात धरला. मी तो काढून घेतला.

फाउस्तो आणि माझं ऐकणार! दारू सोड म्हटलं, सोडली नाही. पाणी खाटेला लागलं तेव्हा मीच म्हटलं होतं, चल, गाव सोडू, तर पाठ फिरवून झोपला. आताही ऐकणार नाही, त्या आशेवर मी उरलेला रस्ता काढला. लाज वाटत होती, तरी आशा करत होते.

घरी पोचलो तेव्हा अजून उजेड होता. दफनाला न आलेल्या एका दुसऱ्या शेजारणीने सांभाळलेली तालिया जोव्हेलिनने उचलून माझ्या मांडीवर दिली. पोर माझ्या खांद्यावरून दाराकडे टक लावून बघायला लागली. मी वळून बघितलं.

दारात कुणी नव्हतं. मी किती तरी वेळ बघत राहिले. उभ्या जन्मात पहिल्यांदाच त्याने माझं ऐकलं होतं.