बाहेर जाणारा माल

मी फाटकाचा दांडा बोलतोय. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, एका टोकाला वजन आणि दुसऱ्या टोकाला दोर बांधलेला. बोम्मसंद्राच्या जुन्या कारखान्यांच्या पुढे, होसूर रोडवरून आत वळलं की करमुक्त झोनच्या तोंडाशी माझी नेमणूक आहे. काम दोनच, उठायचं आणि बसायचं. पुष्कळ साहेब याहून कमी करतात.

इथून समुद्र शेकडो मैल लांब, तरी कुंपणाच्या आत बंदराचे कायदे चालतात. परदेशातून आलेल्या सुट्या भागांवर जकात नाही, आणि तयार माल परदेशी धाडला की कंपनीला काही वर्षं नफ्यावरचा कर माफ. मला बसवलं तेव्हा नाचणीच्या शेतातून नुकता रस्ता झाला होता. मग दिवे आले, बस आली. आसपासच्या मुली निळे कोट घालून माझ्या शेजारून कामावर जाऊ लागल्या, स्वतःच्या पगारातून स्वतःच्या चपला घेऊ लागल्या. हे चांगलंच झालं. त्याला मी नावं ठेवणार नाही.

पण जे पहिले ट्रक मी आत घेतले, त्यांच्यावरच्या मशिनी जुन्या होत्या. बोम्मसंद्रातली शेड बंद करून कंपनीनं त्या इकडे आणल्या होत्या. तिथला सयाजी नावाचा फिटर आपली मशीन आत जाताना माझ्यापुढे उभा राहून बघत होता. त्याला इकडे कामावर घेतलं नव्हतं, म्हणून त्याच्याकडे पास नव्हता. उद्घाटनाच्या भाषणात मात्र सगळ्या नोकऱ्या नव्या म्हणून सांगितल्या गेल्या. मला तेव्हा काही वाटलं नाही. माझा रंगच अजून ओला होता.

माझ्या समोर कस्तुराबाईंची खानावळ आहे. बाई निपाणीकडच्या, नवऱ्यामागे एकटीनं हे सगळं उभं केलं. दोन्ही पाळ्यांच्या मुली तिथं जेवतात, आणि माझा दोर सांभाळणारा वॉचमन देवाप्पाही. तो बाईंच्याच तालुक्याचा, त्यांना अक्का म्हणतो. बाईंचा एक ठोकताळा आहे. झोनची तब्येत बाहेर जाणाऱ्या ट्रकवरून ओळखायची. माल निघतोय म्हणजे आपली चूल पेटती राहणार. इतकी वर्षं तो खरा ठरला.

यंदा श्रावणापासून ट्रक वाढले. बाई हरखल्या. त्यांनी शेजारचा गाळा घेतला आणि एकुलत्या एक मुलाच्या, विराटच्या मागे लागल्या. तो निपाणीला दूधसंघात कायम नोकरीवर आहे. ती सोडून ये, दोघं मिळून खानावळ वाढवू, असं त्यांचं रोज फोनवर चाललं.

मला मात्र भीती वाटू लागली. आत येणारे ट्रक रिकामे होते. बाहेर जाताना ताडपत्रीखाली मालाची खोकी नव्हती, मशिनी होत्या. करमाफीची वर्षं संपत आली होती आणि दुसऱ्या राज्यात नवा झोन उघडला होता, तिथं माफी पुन्हा पहिल्यापासून मिळणार होती. मुलींना सांगितलं, आता नव्या मशिनी येणार; बाईंच्या कानावरही तेवढंच आलं. देवाप्पाला कंपनीच्या साहेबांनी बजावलं, तोंड उघडलंस तर घरी जाशील. तेव्हापासून तो मान खाली घालून जेवतो, आणि त्याला बरं नाही असं समजून बाई त्याला जास्तीचं ताक वाढतात.

आज आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी. दरवर्षी आत मशिनींना हार पडतात, वाजंत्री असते. यंदा सगळं सामसूम.

"सणासुदीलाबी काम थांबंना बघ," बाई कौतुकानं म्हणाल्या. त्यांनी मला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ बांधली. तेवढ्यात आतून एक ट्रक येऊन थांबला. बाईंनी त्यालाही कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि कोहळा फोडला. मग हात पुसत त्यांनी विचारलं, "देवाप्पा, विराट दसरा करून राजीनामा देतोय. देऊ दे न्हवं?"

ट्रकमागे साहेबांची गाडी उभी होती. देवाप्पानं काचेकडे पाहिलं.

"माल तर जातोयच की, अक्का," तो म्हणाला, आणि त्यानं दोर सोडला.

मी जड व्हायला बघितलं. जमेल तेवढा अडून राहिलो. पण माझं वजन मागच्या टोकाला, दोर सुटला की उठावंच लागतं. ट्रक लिंबू चिरडून गेला. बाईंनी त्याला हात जोडले, आणि तो वळेपर्यंत ते खाली आले नाहीत.

मला तोंड नाही. देवाप्पाला आहे, पण त्याला घर आहे. तुमच्यापैकी कुणी या वाटेनं आलात तर खानावळीत जा आणि बाईंना ताडपत्रीखाली काय आहे ते सांगा. उद्या दसरा आहे. परवा सकाळी दूधसंघाचं ऑफिस उघडेल.