पुनारामची मराठी

भोजराज गुरुजींनी पुनारामला मराठी शिकवायला घेतली ती काही परोपकारासाठी नव्हे बरं का! भंडाऱ्याचा हा विधुर माणूस सन एकसष्टमध्ये बदली होऊन हिंदी मुलखातल्या बिरशाच्या शाळेवर येऊन पडला, आणि आख्ख्या गावात आपल्या बोलीत दोन शब्द बोलायला कोणी नाही. जीव नुसता कोंडला होता त्याचा. मग घरी सैपाकाला येणाऱ्या गोंड पुनारामलाच धरलं आणि दंडक घातला, "माह्या घरात मराठीच बोलाचं. हिंदी बोलला त मले ऐकू येत नाही, हौ?"

शिकवणं सगळं नाटकानं. गुरुजी बसत, उठत, धावत; पुनाराम तसंच करून म्हणे, "मी बसलो, मी धावलो." आपल्या अंगानं करायचं ते महिन्याभरात तोंडी झालं. आपोआप घडतं त्याची मात्र बोंब! दूध नासलं की म्हणे, "मी नासलो." दिवा विझला की, "मी विझलो." गुरुजी पोट धरधरून हसत. तेवढी संध्याकाळ बरी जाई. एक 'मरणं' मात्र त्यांनी शिकवलं नाही. बायको गेल्यापासून तो शब्द त्यांच्या तोंडून निघतच नव्हता.

त्यातच पुनारामची बायको मैनाबाई तापानं फणफणली. एका सकाळी तो दारात आला, "मैना..." म्हणाला आणि अडला. शोधून शोधून शब्द सापडेना. मग जमिनीवर उताणा झाला, हात सरळ, डोळे मिटलेले.

"निजली! मैना निजली!" गुरुजींनी टाळी वाजवली. "शाब्बास! ताप उतरला म्हणजे. निजू दे तिले."

पुनाराम उठला. काही बोलणार होता, पण दंडक आठवला असावा. तसाच निघून गेला.

तीन दिवस तो फिरकला नाही. चौथ्या दिवशी हेडमास्तर दुलीचंद म्हणाले, "पुनाराम की औरत नहीं रही. मिट्टी के लिए आपको बुलाने गया था, आप आए नहीं?"

गुरुजी तसेच धावत त्याच्या झोपडीवर गेले. "पुनाराम, बोल रे बाबा! हिंदीत बोल, गोंडीत बोल, पण बोल!"

"सोई नहीं थी, गुरुजी," पुनाराम म्हणाला.

पुढे तो कामावर आला. सैपाक करी, भांडी घाशी. पण गुरुजींशी हिंदीतच बोले, सगळ्या गावासारखा.