शिंपीकाकांची नजर आणि माझा काटा

मी एक जुना ताणकाटा आहे. वर कडी, खाली आकडा आणि पोटात एक स्प्रिंग, मित्रांनो, एवढाच माझा संसार. आकड्याला काही अडकवलं की स्प्रिंग ताणली जाते, काटा खाली सरकतो आणि मी वजन सांगतो. गोड बोलणं मला जमत नाही. जे आहे ते सांगायचं, हाच माझा धंदा.

माझी उमेदीची वर्षं भाजीच्या दुकानात गेली. बटाटे, कांदे, भोपळे, किती जणांना मी उचलून धरलं! माझ्या काट्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा, असं गिऱ्हाइकं म्हणायची, तेव्हा मला फार बरं वाटायचं. मग दुकानात विजेचा काटा आला आणि मी अडगळीत गेलो. पुढे दुकानच बंद झालं. शेजारच्या काकूंनी मला घरी नेऊन परसात खुराड्याजवळच्या खिळ्याला टांगलं. त्यानंतर मात्र माझ्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही.

काकूंचे यजमान म्हणजे शिंपीकाका. टेप कायम गळ्यात, पण ती नुसती शोभेला. माणूस दारातून आत येतो न येतो तोच काका त्याची छाती-कंबर सांगून मोकळे! आणि माप चुकायचं नाही, हे मीही कबूल करतो. पंचाईत अशी, की हीच नजर ते कोंबड्यांनाही लावत. जंतांचा संशय आला, की कोणाकडून तरी मेंढ्यांच्या औषधाची उरलेली बाटली आणायची, कोंबडीकडे एकदा पाहायचं आणि अंदाजाने चोचीत ओतायचं. गेल्या उन्हाळ्यात असंच औषध पाजल्यावर काळी कोंबडी थरथरत खाली पडली आणि गेली. ऊन लागलं असेल, असं काका म्हणाले. काकूंनी तिला कुंपणाशी पुरलं आणि बरेच दिवस परसात कामापुरत्याच आल्या.

काळीमागे तिचं एकच पिल्लू उरलं. काकूंनी ते दिव्याच्या उबेत, जिवापाड जपून वाढवलं. तीच ही फुगी. यंदा तिचा तुरा फिका पडला. खायची, पण अंगी लागेना. दिवसभर पिसं फुलवून कोपऱ्यात बसून राहायची. काका पुन्हा ती बाटली घेऊन आले, तेव्हा काकू खुराड्याच्या दारातच उभ्या राहिल्या.

"या वेळी नाही," त्या म्हणाल्या. "आधी डॉक्टरीणबाईंना विचारते."

बटणांच्या रिकाम्या डबीत फुगीची ताजी विष्ठा भरून त्या जनावरांच्या दवाखान्यात गेल्या. आपल्या डबीचं काय झालं म्हणून काका तासभर कुरकुरत होते. परत आल्यावर काकूंनी सगळं सांगितलं. बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर गोल जंतांची अंडी दिसली. प्रत्येक औषध प्रत्येक जंतावर चालत नाही आणि मेंढ्यांच्या औषधाची ताकद वेगळी असते. म्हणून त्यांनी कोंबड्यांना चालणारं, याच जंतांवरचं औषध दिलं होतं. मात्र ते वजन करूनच द्यायचं होतं.

"त्यात काय करायचंय वजन?" काका म्हणाले. "दोन किलोच्या खाली भरली, तर मला शिंपी म्हणू नका."

काकूंनी मला खिळ्यावरून काढलं, पुसलं, तेल दिलं. मिठाची किलोची पुडी लावून माझी परीक्षा घेतली. मी पास! मग रिकाम्या पिशवीचं वजन करून फुगीला तिच्यात ठेवलं. पिशवीचं वजन वजा केलं, तेव्हा ती एक किलोच्या जेमतेम पुढे भरली.

काकांनी मला टिचकी मारली. हा गंजलाय, म्हणाले. काकूंनी पुन्हा मिठाची पुडी लावली. बरोबर एक किलो.

तेव्हा काकांनी फुगीच्या पिसांत हात घातला. तिच्या छातीचं हाड त्यांच्या बोटांना टोचलं.

"नुसतं कापड फुगलंय गं," ते हळूच म्हणाले. "आत अंगच नाही." मग म्हणाले, "काळीपण अशीच फुगून बसायची."

"हो," काकू म्हणाल्या.

"म्हणजे ऊन नव्हतं ते."

काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. माझ्या आकड्याला काहीच नव्हतं, तरी मला फार जड वाटलं.

फुगीला औषध वजनाप्रमाणे, बिनसुईच्या सिरिंजने मोजून दिलं. बाईंनी सांगितलं होतं तोवर तिची अंडी कोणी खाल्ली नाहीत. खुराड्यातला ओला भुसा काढून कोरडा घातला. दुसऱ्या वेळच्या औषधाआधी काकांनी स्वतः मला खाली काढलं. फुगीसाठी त्यांनी डोकं बाहेर राहील अशी खास पिशवी शिवली होती, तीही अगदी तिच्या मापाची! फुगी चांगली भरली होती. काका काट्याकडे वाकून बघत राहिले आणि डोळे पुसायला त्यांनी गळ्यातल्या टेपचंच टोक घेतलं.

मित्रांनो, मुका जीव आजारी पडला, तर त्याला अंदाजाने काही पाजू नका. जाणत्यांना विचारा, वजन करा. आणि आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना अधूनमधून तेलाचं बोट लावा. काळीला ते औषध पाजलं, तेव्हा मी इथेच, हाताच्या अंतरावर टांगलेला होतो. पण आकड्याला काही लावल्याशिवाय मला बोलता येत नाही. त्या दिवशी मला कोणी विचारलंच नाही.