नारळ, पिना आणि हिरवा दिवा

"हिरवा! अगं बाई, हिरवा झाला!"

पत्र्याच्या शेडमध्ये बसलेल्या दीडशे बाया एकदम उठल्या. कुणी हात जोडले, कुणी पदराला डोळे पुसले, मागच्या दोघी तर हिरवा दिवा नुसता दिसावा म्हणून एकमेकींच्या खांद्यावर चढायच्या बेतात होत्या. आप्पासाहेबांची ही कांद्याची वखार. पाथर्डी सोडून थोडं पुढं गेलं की रस्त्याला लागूनच. कांदा विकून मोकळी झालेली वखार गेले चार महिने दर सोमवारी बायांनी भरत होती.

कारण वखारीच्या छताला यंत्र टांगलेलं होतं. लोखंडी तुळईला पक्क्या बोल्टांनी आवळलेला एक लांब हात, त्याला दोन सांधे आणि टोकाला उलट्या परातीएवढी चकती, तिच्यात सहा भिंगांचा दिवा. यंत्रानंद महाराजांनी नुसतं बोट लावलं की तो हात जराही कुरकुर न करता खाली उतरायचा आणि थेट खाटेवर निजलेल्या बाईच्या ओटीतल्या नारळाला टेकायचा. दिवा हिरवा झाला तर कूस उघडी. लाल झाला तर कूस बांधलेली.

"हे यंत्र मी बनवलं नाही, माते," महाराज सांगत. "आकाशातून संकेत आला आणि मी फक्त बोल्ट आवळले. परदेशात याला कॉस्मिक गर्भ-स्कॅनर म्हणतात. डॉक्टर खालून तपासतो, आम्ही वरून तपासतो. वरून जे दिसतं ते खालून दिसेल काय?"

दिसेल कसं? बाया माना डोलवीत. वर काय आहे हे बघायची कुणाची छाती नव्हती.

पंकजा रांगेत तिसरी होती. ही तिची तिसरी खेप. पहिल्या दोन्ही खेपांना लाल दिवा लागला होता आणि तिसऱ्यांदा लाल लागला की कूस कायमची मिटली, असा यंत्राचा नियम होता. दोन महिने ती अळणी जेवत होती. महाराजांनी दिलेली राख रोज उपाशीपोटी पाण्यातून घेत होती. अनवाणी चालून टाचा फुटल्या होत्या. गळ्याची हाडं मोजता येतील अशी तिची गत झाली होती आणि सासू, केशरबाई, म्हणत होती, "गुन येतोय. अंग हलकं झालंय."

केशरबाईनं पुढचंही ठरवून टाकलं होतं. दसऱ्यानंतर ऊसतोडीची टोळी निघायची. तोडीला नवरा-बायकोची जोडी लागते, त्या जोडीलाच कोयता म्हणतात. आज लाल लागला तर यंदाच्या कोयत्यात कल्याणबरोबर पंकजा नसणार होती. पोरगी बघून ठेवलेली होती. कल्याण, पंकजाचा नवरा, यावर काहीच बोलत नव्हता. तोडीचे सहा महिने सोडले तर तो गावात विहिरीच्या मोटारी दुरुस्त करायचा आणि आताही वखारीच्या दाराशी खिशात टेस्टर खोचून, मान खाली घालून उभा होता. पंकजाला माहेर म्हणायला एक भाऊ होता. त्याच्या दारात ती जाऊ शकत होती, पण दाराच्या आत नाही.

"पंकजा," मागून कुणी तरी तिचा पदर ओढला. मनकर्णा होती. त्यांच्याच टोळीतली, वयानं चार वर्षांनी मोठी, दोन मुलींची आई. "अगं, हा दिवा म्या बघितलाय."

"कुठं, अक्का?"

"माझी पिशवी काढली तवा. टेबलावर निजवलं, कमरंत सुई दिली, अन् वर हेच हुतं. अश्शीच परात, असाच हात. सहा भिंगं मोजली म्या, भ्या वाटू नाही म्हनून."

पंकजानं चटकन आजूबाजूला बघितलं. ती गोष्ट टोळीत मनकर्णाच्या नवऱ्याशिवाय फक्त तिलाच माहीत होती. दोन हंगामांपूर्वी कारखान्याजवळच्या पाचटाच्या कोपीत मनकर्णाचं पोट दुखायला लागलं. कुण्या डॉक्टरनं सांगितलं, पिशवी काढून टाक, म्हणजे पाळी नाही आणि कामाला खाडाही पडायचा नाही. सत्ताविसाव्या वर्षी तिनं गर्भाशय काढून टाकलं आणि विसाव्या दिवशी मोळ्या उचलल्या. तिला चार दिवस भाकर भरवणारी पंकजाच होती. मनकर्णानं ते सासरच्या लोकांपासून लपवलं होतं, कारण रिकाम्या कुशीच्या बाईला काय ऐकावं लागतं ते ती रोज पंकजाच्या घरात बघत होती.

"म्याबी लंबर लावलाय," मनकर्णा म्हणाली. "बघू तरी काय दिसतंय त्याला."

"अक्का, नको गं. कुनाला कळलं तर?"

तोवर पंकजाचा नंबर आला. खाटेआधी मोनिकाताई ओटी भरायची. महाराजांची ही शिष्या मोठी गोड बोलायची. पाठीवर हात फिरवीत विचारायची, "किती लेकरं, बाई?"

"न्हाईत," पंकजा म्हणाली.

"होतील हं," म्हणून मोनिकाताईनं डावीकडच्या पाटीतला नारळ तिच्या ओटीत घातला. नारळ घरी न्यायचा नाही, फोडायचा नाही, यंत्राच्या पायाशीच ठेवायचा, हाही नियम होताच.

पंकजा खाटेवर निजली. वरून चकती उतरली. तिनं डोळे घट्ट मिटले. देवा, एकदाच. तिनं नारळ दोन्ही हातांनी दाबून धरला. मग शेडमधून एक लांब हळहळ आली आणि तिला डोळे न उघडताच कळलं.

"लाल," महाराज खेदानं म्हणाले. "माते, यंत्र हरलं."

केशरबाईनं तिला दंडाला धरून उठवलं. "चल. झालं समदं." दाराकडे बघून ती ओरडली, "कल्याण, गाडी काढ! अन् त्या पोरीच्या घरला फोन लाव, परवा येतो म्हनाव!"

पंकजानं दंड सोडवून घेतला. ती ओटीच्या पाट्यांजवळच बसली. तिच्या डोळ्यांसमोर मोनिकाताई मनकर्णाला विचारत होती, "किती लेकरं, बाई?"

"दोन पोरी हायेत. पोरगा पायजे."

या वेळी मोनिकाताईचा हात उजव्या पाटीकडे गेला. मनकर्णानं नारळ घ्यायला हात पुढं केले. आपल्या बायांच्या बांगडीत दोन-चार सेफ्टी पिना असतातच, तशा तिच्याही होत्या. त्या लोंबत्या पिना एकाएकी ताठ झाल्या आणि टक्कन नारळाच्या शेंडीला जाऊन चिकटल्या. मनकर्णानं हात झटकून सोडवल्या आणि खाटेवर निजली. पंकजा त्या नारळाकडे बघतच राहिली. तिच्याही बांगडीत पिना होत्या, पण तिच्या नारळाला त्या चिकटल्या नव्हत्या.

चकती उतरली. दिवा हिरवा.

"वा!" महाराज गरजले. "कूस गंगेसारखी वाहतेय! वर्षाच्या आत पाळणा! पुत्र! मला त्याची बाळमूठ दिसतेय!"

मनकर्णा उठून बसली. आधी ती हसली. मग तिचा चेहरा असा काही झाला की पुढच्या बाया गप्प झाल्या.

"कुठं दिसतीय?" ती म्हणाली. "म्हाराज, माझी पिशवी काढून दोन वर्सं झाली. टाकं दाखवू? आत काईच न्हाई. कुनाची मूठ दिसली तुमाला?"

 मनकर्णाची जाऊ गर्दीतच होती. तिनं तोंडाला पदर लावला. मनकर्णानं तिच्याकडे बघितलं आणि बघणं सोडून दिलं.

महाराज मात्र पोहोचलेला गडी. त्यानं डोळे मिटले, दोन श्वास घेतले. "माते, कातडीची पिशवी डॉक्टरनं काढली. सूक्ष्म पिशवी कोण काढील? यंत्र सूक्ष्म बघतं! बोला, आकाशयंत्र की—"

"जय!" निम्मी शेड ओरडली. हो, ओरडली! डोळ्यांनी बघितलेलं खोटं आणि कानांनी ऐकलेलं खरं, ही सवय एका वाक्यानं जात नाही. मनकर्णानं आपलं लपवलेलं दुःख चारचौघांत उघडं केलं होतं आणि ते वाया जात होतं. त्याची पंकजाला फार लाज वाटली, राग आला. आता तिच्याकडे गमावण्यासारखंही काही उरलं नव्हतं.

ती उठली. मनकर्णाच्या ओटीतला नारळ तिनं उचलला आणि खाटेवर निजली.

"ए बाई, तुझं झालंय!" मोनिकाताई धावली.

पंकजानं स्वतःच हात वर करून चकती खाली ओढली. नारळाला टेकवली.

दिवा हिरवा.

"आत्ता तर लाल हुता की!" कुणी तरी म्हणालं.

"आत्या, तुमी या," पंकजा म्हणाली. केशरबाई साठीची. नको नको म्हणेपर्यंत पंकजानं तिला बसवलं, नारळ मांडीवर दिला, चकती ओढली. हिरवा. शेडमध्ये खुसखुस सुरू झाली. मग पंकजा वखारीच्या मालकांकडे वळली. सत्तरीचे आप्पासाहेब पहिल्या रांगेत फेटा बांधून बसले होते.

"आप्पा, धरा जरा."

आप्पासाहेबांनी गोंधळून नारळ धरला. पंकजानं चकती त्यांच्याकडे ओढून टेकवली आणि दिवा लखलखीत हिरवा झाला.

"आप्पांची कूस उघडी हाय गं!" मागून एक म्हातारी किंचाळली, आणि चार महिने माना डोलवणाऱ्या दीडशे बाया खदाखदा हसल्या.

पंकजा हसली नाही. तिनं नारळाची शेंडी ओरबाडली. आत डिंकानं चिकटवलेलं रुपयाएवढं चुंबक होतं. तिनं ते वर धरलं. पलीकडे कल्याण एव्हाना खाटेवर चढला होता. तीन खेपांत पहिल्यांदाच त्यानं मान वर केली होती. खिशातल्या टेस्टरनं त्यानं चकतीचे स्क्रू काढले आणि आतली बारीक काचेची नळी दाखवली.

"ह्यात दोन पातळ पट्ट्या हायेत," तो म्हणाला. "चुंबक जवळ आलं की चिकटत्यात अन् हिरवा लागतो. न्हाई आलं तर लाल. पान्याच्या टाकीच्या फ्लोटमधी हेच असतंय. म्या धा वेळा बदललंय."

एवढंच होतं आकाश. जिला लेकरं आहेत तिला चुंबकाचा नारळ, कारण तिला पुन्हा दिवस जाण्याची शक्यता असतेच. जिला नाहीत तिला साधा, म्हणजे ती दक्षिणा ठेवून तिन्ही खेपा घालील. कुणी तरी बोलावलेले पोलीस आले तेव्हा कळलं की महाराज पूर्वी दवाखान्यांत ऑपरेशनच्या टेबलावरचे दिवे छताला बसवणारा फिटर होता. हा दिवा एका बंद पडलेल्या दवाखान्याच्या भंगारातला. त्याला सगळं ठाऊक होतं. पिशवी काढलेली बाईही रांगेत असू शकते, एवढंच सुचलं नव्हतं. आमच्या बायांना पोरं किती हे सगळे विचारतात, तुझं काय दुखतं हे कुणी विचारत नाही.

घरी निघताना केशरबाई म्हणाली, "दिवा खोटा आसंल. पन पोर न्हाई, हे तर खरंच हाय ना?"

पंकजानं कल्याणकडे बघितलं. "अवं, एक सांगा. मोटार पानी देईना तर तुमी नुसती विहीरच बघता, का मोटारबी खोलून बघता?"

कल्याणनं खिशातला टेस्टर चाचपला. मग म्हणाला, "आधी मोटारच बघतो."

गुरुवारी तिघं सरकारी दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरबाईंनी साध्या शब्दांत सांगितलं: मूल न होण्याचं कारण बाईत असतं तितकंच पुरुषातही असू शकतं, कधी दोघांत असतं, कधी सापडतच नाही. म्हणून तपासणी दोघांची. पुरुषाची तर फार सोपी. आणि ती राख आजपासून बंद, जेवण मिठाचं.

तपासणीत काय निघालं ते मी सांगणार नाही. मूल झालं तर महाराज खोटा आणि नाही झालं तर खरा, असा न्याय आपल्याला करायचा नाही. तो खोटा होता तो चुंबकामुळे. पंकजा माणूस होती ती मूल होण्याआधीही. तुमच्या गावात असं काही छताला टांगलेलं दिसलं तर हात जोडण्याआधी एक करा, वर बघा. आणि विचारा, हे बाप्यावरही चालतं का?

त्या गुरुवारी दवाखान्यात तपासणीसाठी नाव लिहायच्या खिडकीपाशी बायांचीच रांग होती. आतल्या माणसानं सवयीनं विचारलं, "बाईचं नाव?"

"आधी माझं लिहा," कल्याण म्हणाला.