बरणीवरची पाणसळ

मित्रांनो, गवंड्याच्या हातात तुम्ही माझी लाकडी बहीण पाहिली असेल. मी मात्र बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची आहे, लांबीला वीतभर आणि वजनाला जड. यंत्र सपाट बसले की नाही हे सांगणे माझे काम. माझ्या पाठीत काचेची एक नळी आहे, नळीत स्पिरिट आहे आणि स्पिरिटात एक बुडबुडा. बोलायला माझ्याजवळ एवढेच आहे.

ती नळी बाहेरून सरळ दिसते, पण आतून किंचित कमानीसारखी घासलेली असते. हवा हलकी, म्हणून बुडबुडा नेहमी उंच बाजूकडे जातो. माझ्याखालची जागा समतल असेल, तर तो दोन रेघांच्या मधोमध थांबतो. एक बाजू केसाएवढी खचली, तरी तो दुसरीकडे सरकतो.

माझा जन्म विलायतेतला. तिथल्या कारागिराने माझे बूड इतके सपाट घासले होते की आरशावर ठेवले तर खाली उजेड दिसत नसे. तिथून मी रेल्वेच्या एका कारखान्यात आले. बरीच वर्षे इंजिनांच्या सुट्या भागांवर बसून मी माझे एकच वाक्य बोलत राहिले. पुढे नवी अवजारे आली आणि जुन्यांचा लिलाव झाला. हैदराबादच्या जुन्या बाजारात, गंजलेल्या कुलपांच्या ढिगात, मला रखमाजीने पाहिले आणि फडक्यात गुंडाळून जालन्याला आणले.

रखमाजी जुन्या जालन्यातल्या शेतकरी घरातला. दुसऱ्या महायुद्धाची सगळी वर्षे तो हैदराबादला एका कारखान्यात फिटरचे काम शिकत होता. लढाई संपल्यावर तो घरी परतला तो एकच विचार घेऊन. जालन्यात कापसाच्या जिनिंगचे कारखाने, आणि त्यांचा एखादा दांडा मोडला की तो नवा करून यायला पार मुंबईची वाट पाहावी लागायची. ते काम इथेच का होऊ नये? जिनिंगमध्ये मुरलेले मिस्त्री पाशामियाँ त्याला भागीदार म्हणून मिळाले. त्यांनी चांगली नोकरी सोडली. रखमाजीच्या घरी, गोठ्याला लागून असलेल्या पडवीत वर्कशॉप काढायचे ठरले.

मालगाडीने दोन यंत्रे आली, एक लेथ आणि एक मिलिंग. लेथमध्ये लोखंडाचा तुकडा गरगर फिरतो आणि हत्यार त्याला सोलत जाते. मिलिंगमध्ये हत्यार फिरते आणि लोखंड हळूहळू सरकते. स्टेशनावरून बैलगाड्यांतून ती कुंडलिका नदी ओलांडून आली, तेव्हा सारी गल्ली दारात उभी होती.

"रखमाजी, तोफ आणली का काय रे? कोणावर डागतो?" एका म्हाताऱ्याने विचारले.

"तुमच्याच घरावर, काका. जरा बाजूला सरा!"

रखमाजीने दोन्ही यंत्रांसाठी दगड-चुन्याचे चौथरे आधीच बांधून ठेवले होते. ते वाळलेले होते. यंत्रे त्यावर चढली आणि मग पाशामियाँनी मला हातात घेतले.

"जुना माल हाय," ते म्हणाले. "आधी ह्याचीच परीक्षा."

त्यांनी मला मिलिंगच्या टेबलावर ठेवले आणि बुडबुडा कुठे थांबतो ते पाहिले. मग मला त्याच जागी फिरवून ठेवले, म्हणजे माझे डावे टोक उजवीकडे आणि उजवे डावीकडे. मित्रांनो, ही युक्ती ध्यानात ठेवा. पाणसळ खोटी असेल तर ती फिरवल्यावर बुडबुडाही तिच्याबरोबर दुसऱ्या बाजूला जातो. पाणसळ खरी असेल तर बुडबुडा जागा सोडत नाही, कारण उंच बाजू तीच असते. माझा बुडबुडा हलला नाही.

"बराबर हाय," पाशामियाँ म्हणाले. त्या दोन शब्दांनी मी सुखावले.

लेथचा लांब ओटा, ज्याला बेड म्हणतात, त्याच्यावर मला दोन ठिकाणी आडवे ठेवले: एकदा काम पकडणाऱ्या चकच्या टोकाला आणि एकदा शेवटच्या टोकाला. दोन्हीकडे बुडबुडा मधोमध हवा. खाटेचा एक पाय खड्ड्यात गेला की खाटेला जसा पीळ पडतो, तसा बेडलाही पडतो. पीळ पडलेल्या लेथवर दांडा एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक होतो. पाशामियाँनी पायांखाली पत्र्याचे पॅकिंग घालून बेड समतल केला. तेलाचे इंजिन धडधडू लागले, पट्टा फिरला आणि लोखंडाची पहिली साल निघाली. रखमाजीची आई चतुराबाई यांनी दोन्ही यंत्रांना हळदकुंकू लावले आणि पाशामियाँच्या हातावर गूळ ठेवला.

रखमाजीचे मामा बद्रीनाथ आष्टीहून आले होते. त्यांनी लेथला दोनदा फेरी मारली. "वा! बिलकुल विलायती!" ते म्हणाले. पुढे ते वरचेवर येऊ लागले. आले की आधी लेथचे कौतुक करायचे आणि मग बहिणीशी गोठ्यात बसून बोलायचे.

जिनिंगचा पहिला दांडा चार दिवसांत तयार झाला आणि तसाच परत आला. एका टोकाला तो किंचित जाड होता. अशा दांड्यावरचा रूळ सरकीपासून कापूस नीट सोडवत नाही.

पाशामियाँनी मला बेडच्या शेवटच्या टोकाला ठेवले. बुडबुडा लेथसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या बाजूला सरकलेला होता, म्हणजे मागचा पाय खाली गेला होता. त्यांनी पॅकिंग वाढवले. पुढच्या आठवड्यात बुडबुडा पुन्हा सरकला. पुन्हा पॅकिंग घातले. पुन्हा सरकला. मिलिंगच्या टेबलावर मात्र तो रोज मधोमध असे, पण तिकडे कोणाचे लक्ष नव्हते.

"चौथरा कच्चा हाय तुमचा," एके दिवशी पाशामियाँ म्हणाले.

रखमाजीने हातातला पाना खाली ठेवला. "माझा चौथरा कच्चा? चुना मी पायानं मळला, पाशाभाई. तुम्हीच बोल्ट कमी-जास्त आवळले असतील."

"पंधरा वर्षं जिनिंगमधी बोल्टच आवळले मी."

"मंग त्यातच राह्यचं होतं!"

बोललेला शब्द रखमाजीला परत घेता येईना. पाशामियाँनी माझ्याकडे पाहिले.

"दर आठवड्याला नवी गोष्ट सांगून राह्यली ही," ते हळूच म्हणाले. "नळी ढिली झाली असंल."

"झाली असंल," रखमाजीही लगेच म्हणाला. "भंगारातलीच हाय ती."

मला फिरवून पाहायला क्षणभर पुरला असता. ही युक्ती पाशामियाँइतकी कोणाला ठाऊक होती? पण मी खरी ठरले असते, तर दोघांपैकी एकाला चूक ठरावे लागले असते. मी खोटी ठरले, म्हणून त्या दिवशी दोघेही चहाला एकत्र बसले.

मला स्वयंपाकघरात टाकले. चतुराबाईंना लोणच्याच्या बरणीवर ठेवायला काहीतरी जड हवेच होते. मी महिनाभर त्या झाकणावर होते. मिठाने माझ्या बुडाला गंजाचा डाग पडला. कलत्या जमिनीवर बरणी किती कलली आहे, हे मी बिनचूक सांगत असे. विचारणारे कोणी नव्हते.

मी नसताना दुसरा दांडा झाला. तोही परत आला. जिनिंगच्या मॅनेजरने निरोप धाडला, की हंगाम तोंडावर आहे, आता एकच दांडा पाहू. तो सरळ नसेल तर पुढची सगळी कामे मुंबईला जातील. त्यावरून दोघांत पुन्हा बोलाचाली झाली, आणि या वेळी दोष द्यायला मध्ये मी नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाशामियाँ हत्यारांची पेटी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"मावशी, येतो मी. जिनिंगवाले परत घेतो म्हणाले."

चतुराबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला. "रखमाजीला सांगितलं?"

"त्यानंच सांगितलं, ज्याला जायचं त्यानं जावं."

"आन अकबरबी काय म्हणती?" चतुराबाईंनी त्यांच्या बायकोबद्दल विचारले.

"म्हणती, दोघांना पाळण्यात घालून झोके द्या."

चतुराबाईंना हसू आले नाही. पाशामियाँ निघायला वळले आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. मिस्त्री माणूस, हाताला सवय असते. त्यांनी मला उचलले, लुगड्याच्या चिंधीने पुसले, झाकणावर ठेवले, बुडबुडा पाहिला. मग फिरवून ठेवले. बुडबुडा होता तिथेच राहिला.

पाशामियाँ पेटी तिथेच सोडून मला घेऊन पडवीत आले. आधी मिलिंगच्या टेबलावर: मधोमध. फिरवले: मधोमध. लेथच्या चकच्या टोकाला: मधोमध. शेवटच्या टोकाला बुडबुडा सरकला. फिरवले. तो त्याच बाजूला राहिला.

"रखमाजी! इकडं ये जल्दी."

रखमाजी तोंड फुगवून आला. पाशामियाँनी त्याच्यासमोर मला पुन्हा फिरवले.

"पाणसळ खरी हाय," ते म्हणाले. "चौथऱ्याला कुठं चीर न्हाई. बोल्टबी बराबर हायेत. सगळं खरं हाय, तरी हा कोपरा खाली चालला. जमीनच खोटी हाय तुमची."

"जमीन खोटी न्हाई, पाशा," दारातून आवाज आला. चतुराबाईंचे हात पिठाने भरलेले होते. "पोकळ हाय."

त्यांनी लेथच्या मागच्या पायाकडे बोट दाखवले.

"पेव हाय तिथं. तोंड गोठ्यात, कडब्याखाली. पोट पार हितवर आलेलं."

मित्रांनो, पेव म्हणजे धान्य साठवायचे जमिनीतले कोठार. त्याचे तोंड अरुंद असते आणि पोट मोठे.

"ते तर आबांनी बुजवलं होतं!" रखमाजी म्हणाला.

"बुजवलं न्हाई, झाकलं होतं. तू हैदराबादला गेल्तास, आन सरकारी माणसं लेव्हीची जवारी सक्तीनं न्यायला आल्ती. घरात खायालाबी ठेवंनात. मंग तुझ्या मामानं ते उघडून भरून दिलं. आता येतो आन थोडी थोडी काढून देतो."

"म्हणून मामा सारखा येत होता?"

"मंग तुला काय वाटलं, तुझी लेथ पाहायला येतो?"

मला तेव्हा सारे उमगले. जवारीने भरलेले पेव वरचा भार पेलत होते. मामा येऊन गेले की ते थोडे रिते होई, इंजिनाच्या धडधडीने माती बसे, लेथचा मागचा पाय बसे आणि माझा बुडबुडा सरके.

"माय, मी इथं चौथरा बांधून राह्यलो, आन तू सांगितलं न्हाईस?"

"पेव काय सांगायची गोष्ट असती? तुझ्या आबांनी मला लग्नानंतर पाच वर्षांनी दाखवलं. लेकाला दाखवायला मी त्याहूनबी उशीर करणार होते." मग त्यांनी पाशामियाँकडे पाहिले, आणि त्यांचा आवाज खाली आला. "आता तुला कळलं, पाशा. बाहेर कळलं तर जवारी जाईल आन रखमाजीलाबी धरून नेतील."

पाशामियाँनी मला फडक्याने पुसले. "मावशी, मी लेथ पाहून राह्यलो. लेथच्या पायाखाली माती कमी हाय, एवढंच दिसलं. जवारी काही दिसली न्हाई मला."

चतुराबाईंनी हातांचे पीठ पदराला पुसले. "मंग भरून टाका ते," त्या म्हणाल्या. "जवारी काढा, दगड घाला. लपवून ठेवायला जागा न्हाई राहिली तर न्हाई. पण त्यासाठी माणूस दारातनं गेलेला मला पाहवत न्हाई."

बद्रीमामांना बोलावणे गेले. दगड आणि मुरूम घमेल्यांनी आत जात होता आणि राखेखाली झाकलेली जवारी घमेल्यांनी बाहेर येत होती. अकबरबी पायली-पायलीने ती पदराखाली नेऊन आपल्या घरी ठेवत होती. पेव ठासून भरले, चौथरा नव्याने बांधला आणि वाळू दिला. रखमाजीने पेटी स्वयंपाकघरातून स्वतः उचलून आणली.

"जिनिंगमधी राह्यचं होतं, असं म्हणलं मी," तो खाली पाहत म्हणाला.

"म्हणलास. आता बोल्ट धर."

माझा डाग पाशामियाँनी बारीक घासून काढला आणि मला बेडवर ठेवले. दोन्ही टोकांना बुडबुडा मधोमध होता. तिसरा दांडा जिनिंगला गेला तो परत आला नाही.

अठ्ठेचाळीसच्या भाद्रपदात निजामाचे राज्य गेले. त्या दिवसांत बाहेर फार भीती होती आणि हिंदू-मुसलमान शेजारी एकमेकांकडे संशयाने पाहत होते. पाशामियाँ आणि अकबरबी बरेच दिवस या पडवीत, लेथच्या मागे, पोती अंथरून राहिले. एकदा काही अनोळखी माणसे दारात आली आणि त्यांनी आत कोण आहे असे विचारले. चतुराबाई उंबऱ्यात बसून जवारी निवडत होत्या.

"लेथ हाय," त्या म्हणाल्या. "पाहायचं तर चपला काढून या. पोटाला देती ती आम्हाला."

माणसे निघून गेली. चतुराबाई आत आल्या आणि अकबरबीला म्हणाल्या, "पेव भरलं म्हणून, न्हाईतर तुम्हाला त्यातच ठेवलं असतं, जवारीसारखं." अकबरबी तोंडावर पदर घेऊन हसली. मग रडली.

ती गोष्टही त्या घरातून बाहेर गेली नाही.

आता मी फळीवर असते. खंडेनवमीला यंत्रे पुसली जातात, तेव्हा मलाही खाली घेतात, बेडवर ठेवतात आणि फिरवून पुन्हा ठेवतात. मित्रांनो, माझ्यासारखी एखादी जुनी पाणसळ तुमच्या घरी असेल, तर तिला कोरड्या फडक्याने पुसा, ओलीजवळ ठेवू नका आणि लोणच्याजवळ तर मुळीच नको. आणि तिने सांगितलेले तुम्हाला आवडले नाही, तर तिला खोटी म्हणण्याआधी एकदा फिरवून ठेवा. तरीही बुडबुडा हलला नाही, तर तिला फळीवर परत ठेवा आणि पायाखालच्या जमिनीची चौकशी करा. घरात कोणाला तरी ती ठाऊक असते.