कावळ्यांची मर्जी

आईच्या दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला आणि एकही कावळा फिरकला नाही. बाईमाणसाने घाटावर यायचं नसतं, हे पलूसहून आलेल्या हंबीररावकाकांनी मला तीनदा सांगितलं होतं. मी तीनदा ऐकून घेतलं आणि आले. मूल मी एकटीच.

तासभर झाला. समोरच्या झाडावर वीस-पंचवीस कावळे लग्नाच्या पंगतीतून उठून आल्यासारखे पेंगत बसले होते.

कावळा शिवत नाही, म्हणजे गेलेल्या माणसाची इच्छा राहिली. कोणती, ते काकांना लगेच कळलं. आई जिवंत असताना तिची इच्छा त्यांना एकदाही कळली नव्हती.

"वयनी," ते झाडाला हात जोडून म्हणाले, "पोरीची काळजी नगं. असल्या भेसळ वस्तीत तिला ठेवत न्हाई. मास्तरकी सोडवून आजच पलूसला नेतो."

सांगलीबाहेरची आमची वस्ती भेसळच होती. फाळणीनंतर आलेले सिंधी, अथणीकडचे लिंगायत, पाण्याला भांडणारे आम्ही सगळेच. आई प्रत्येकाशी मराठीतच भांडायची आणि प्रत्येकाला ते नीट कळायचं.

कावळे हलले नाहीत.

"इस्वास बसंना तिचा," काका म्हणाले. "तू सामान बांध, मग शिवंल."

तेवढ्यात शेजारच्या जेठीबाई पायऱ्या उतरून माझ्या कानाशी आल्या. त्या सिंधमधल्या शिकारपूरच्या.

"बेटी, गुन्हा माझा. तुमच्यात कावळा आला पाहिजे ना? तीन दिवस इथे येऊन त्यांच्याशी दोस्ती करते. आज सकाळीपण. तूप लावून गोड रोटी."

"किती?"

"चाळीस."

मागून अथणीच्या नीलव्वा म्हणाल्या, "मीबी पातेलंभर उप्पीट घातलं की वो. आदी ओळख नको व्हय?"

मी हसले. दहाव्याला, घाटावर, मोठ्याने. दहा दिवस न आलेलं रडू त्यातच आलं.

"काका, त्यांची पोटं भरलीत. आईला काही म्हणायचं नाही. मला म्हणायचंय. मी येत नाही."

"आगं, तुझं म्हणून कोन हाय तितं?"

मी दोघींकडे पाहिलं. काकांनीही पाहिलं.

"ह्या व्हय?"

"ह्याच."

भटजींना मिरजेत दुसरं दहावं होतं. त्यांनी दर्भाचा कावळा वळून पिंडाला टेकवलासुद्धा. तेराव्याला येतो म्हणून काका एकटेच मोटारीत बसले. मी दोघींबरोबर चालत निघाले. वाटेत माझ्या शाळेत शिरून मोठ्या बाईंना सांगितलं, सोमवारपासून शिकवायला येते.